गिराम साहेबांची येळवस

२०२२ साल. गिराम साहेब तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते आणि मी सहासष्टचा. भित्री माणसं मी आयुष्यात पुष्कळ पाहिली. अंधाराला भिणारी, बायकोला भिणारी, तलाठ्याला भिणारी. पण भिण्याचा पगार घेणारा माणूस तो एकच पाहिला. मी स्वतः विहिरीत उतरलेला, साप हातानं धरलेला गडी. चार यत्ता शिकलो, पण कारखान्याच्या इंजिनिअरांशी तोंडाला तोंड देऊन वाद घातले आणि जिंकलेही. अशा माणसाचे पाय त्या साली भर दुपारी एका काळ्या लोखंडी कपाटासमोर लटलट कापले. ते या माणसामुळं.

आमचा साखर कारखाना सोनपेठच्या बाजूला. मालकाचे असे तीन कारखाने तीन जिल्ह्यांत, शिवाय सेलूला जिनिंग. प्रत्येक ठिकाणी एक थंडगार खोली आणि तिच्यात कपाटाएवढी मशिनं. त्यांना सर्व्हर म्हणतात. ऊस कोणाचा, काट्यावर किती भरला, कोणत्या टोळीनं तोडला, गोदामात किती पोती, कामगारांचा पगार, सगळं त्या मशिनांच्या पोटात. आमची खोली सगळ्यांत जुनी. तिच्या मागं भिंतीला लागून माझा जनरेटर. लाइट गेली की मशिनं बॅटरीवर जायची आणि बॅटरी उतरायच्या आत मी जनरेटर उठवायचा. रिटायर झालो तरी मालकानं मला सोडलं नाही, कारण तो जनरेटर दुसऱ्याच्या हातानं सुरूच होत नसे. होत असेल तर मला माहीत नाही, मी कोणाला हात लावू देत नव्हतो.

गिराम साहेब या खोलीचे मुख्य. उंच, किडकिडीत, उन्हाळ्यातही अंगात स्वेटर, कारण खोली थंड. मूळ गाव पोखर्णी. घराणं तिथल्या नृसिंहाचं, म्हणून बापानं नाव ठेवलं प्रल्हाद. कारखान्यातली माणसं म्हणायची, "नाव प्रल्हादाचं अन् धीर उंदराचा." त्यांच्या तोंडावर म्हणायची. ते हसायचे आणि हसता हसता डोक्यावरच्या पंख्याकडं बघायचे. पंख्याखाली ते कधी बसले नाहीत. खुर्ची आधी बाजूला ओढायची, मग टेकायचं.

रुजू झाले त्या दिवशीच माझ्याकडं आले. हात मागं बांधून जनरेटरभोवती एक चक्कर मारली.

"मामा, लाइट गेली तर?"

"ह्यो हाय की."

"अन् हे बंद पडलं तर?"

"पडत न्हाई."

"तसं न्हाई मामा. पण समजा, पडलं तर?"

म्हटलं, "साहेब, तुमी घरी जेवायला बसता तवा बायकोला इचारता का, भाकर करपली तर?"

ते गंभीरपणे म्हणाले, "इचारतो ना. म्हणून डब्यात चिवडा ठेवतो."

मी चार-पाच दिवस त्यांच्याशी बोललो नाही. माझ्या जनरेटरबद्दल असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तोवर त्यांनी मालकाकडून दुसरा, लहान जनरेटर मंजूर करून आणला आणि माझ्या जनरेटरशेजारी उभा केला. मी त्याच्यावर पोतं टाकून ठेवलं.

"अन् हे बंद पडलं तर?" हे त्यांचं वाक्य सगळ्या कारखान्यात झालं. 'पडलंतर साहेब' असंच नाव पडलं. गाडीवान विचारायचे, "पडलंतर साहेब आलेत का आज?" कँटीनवाला चहा देताना म्हणायचा, "साहेब, कप सांडला तर?" आणि दुसरा कप शेजारी ठेवायचा. साहेब दोन्ही प्यायचे.

त्यांच्या सवयी सांगायच्या तर दिवस पुरणार नाही. कुलूप लावून दोनदा ओढायचे, चार पावलं जाऊन परत येऊन तिसऱ्यांदा. डबे दोन, एक पिशवीत आणि एक मोटारसायकलच्या डिकीत. फोन दोन, दोन कंपन्यांचे. मोटारसायकल असून खिशात एसटीचे सुटे पैसे. त्यांच्या मंडळी एकदा कारखाना बघायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "वैनी, कसं करता ह्यांच्यासंग?" त्या म्हणाल्या, "मामा, मला बघून गेले अन् पुन्हा तीन पाव्हण्यांकडून चौकशी केली. तिघांनी एकच सांगितलं तवा हो म्हटले. मी म्हटलं, एवढं पारखून घ्यायलाय तर टाकून तर देणार न्हाई."

बहिणीच्या लग्नात तर त्यांनी कमालच केली. लग्न पोखर्णीला, मी गेलो होतो. साहेबांनी आचारी दोन सांगितलेले. एक सेलूचा आणि एक परभणीचा, एकमेकांना पत्ता नाही. विचार असा की ऐन वेळी एकानं दगा दिला तर दुसरा आहे. कोणीच दगा दिला नाही. दोघंही पहाटेच आपापली पातेली घेऊन हजर. मंडपामागं दोन चुली, दोघांत अशी जुंपली की झारे उगारले. शेवटी निम्म्या पंगतीला एकाची वांग्याची भाजी आणि निम्म्या पंगतीला दुसऱ्याची. वऱ्हाडी पानं उचलून पंगत बदलायला लागले. साहेब मधे उभे, कपाळावर घाम. मी म्हटलं, "आता काय म्हणणं हाय, साहेब?" तर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "मामा, भटजीबी दोन सांगितलेत. दुसरा अजून आला न्हाई, तेवढं बरं झालं."

हसू येतं, पण त्यांच्या भिण्यात काहीतरी असं होतं की हसून झाल्यावर आपणही एकदा आपलं कुलूप ओढून बघायचो. ते कशानं एवढे भितात हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या साली मालकानं ठरवलं की ही खोलीतली मशिनं जुनी झाली, आता सगळं क्लाउडात न्यायचं. पुण्याची एक कंपनी ते काम करणार. आधी आमचा कारखाना, तो जमला की बाकीचे. क्लाउड म्हणजे ढग, एवढं मला नातवानं सांगितलं. मी साहेबांकडं गेलो.

"साहेब, परभणी जिल्ह्यात ऱ्हाऊन ढगाच्या भरवशावर बसायलाव?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "मामा, ढगबिग काही न्हाई. लांब कुठंतरी अशाच खोल्या हायेत, आपल्यापेक्षा लय मोठ्या. तिथली जागा भाड्यानं घ्यायची. तारेतून आपलं सगळं तिकडं जाणार."

"मग सगळंच जाणार?"

"सगळं न्हाई. काटा इथंच. गाडी दारात उभी अन् लांबून उत्तर यायची वाट बघायची, असं नको. वजन इथल्या लहान मशिनीवर व्हायचं. हिशेब एका कंपनीच्या खोलीत जाणार. त्याच्या नकला दुसऱ्या कंपनीच्या खोलीत."

"दोन कंपन्या कशाला?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी विचारलं की नाकपुड्या दोन कशाला.

मला ते पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. ज्याला हात लावता येत नाही ते आपलं कसं? मी तसं बोललो. म्हणालो, "साहेब, मशीन बिघडलं तर मी त्याच्या टाळक्यात एक थाप घालतो. लांबच्या खोलीला थाप कोण घालणार?" ते म्हणाले, "तेच तर मला झोप येऊ देत न्हाई."

मग महिनाभर त्यांची भीती वाढत गेली. हात सारखा डाव्या कानाच्या पाळीवर. जेवण निम्मं. मुख्य प्रश्न दिवसाचा होता. हलवायचं ते एका बैठकीत हलवायचं. हलवताना जुनं मशीन पूर्ण बंद करायचं, नाहीतर इकडंही लिहिलं जाईल आणि तिकडंही, मग खरं कोणतं हे कळणार नाही. हातानं पावत्या घंटाभर लिहून निभतं. त्याहून जास्त वेळ लागला तर कोणाचा ऊस कोणाच्या नावावर गेला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि गळीत हंगामात काटा रिकामा कधी असतो? दिवसरात्र गाड्यांची रांग. पुण्याच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, रविवारी करू. साहेब म्हणाले, "मॅडम, उसाला रविवार नसतो."

दिवस त्यांनीच शोधला. येळवस. म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात माणूस सापडत नाही. सगळे रानात. कडब्याची कोपी, म्हणजे खोपट, घालायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, लक्ष्मीची पूजा, आंबील, सगळ्या शेंगा-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले गोळे म्हणजे उंडे, आल्या-गेल्याला जेवण. टोळ्या तोड बंद ठेवतात, गाडीवान बैल सोडून निवांत. पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत काट्यावर चिटपाखरू नाही. मावळला की गाड्या सुरू.

"मामा," ते म्हणाले, "वर्षातून एकच दिवस. कोणी नसंल. कोणाची गडबड न्हाई, कोणाचा धक्का न्हाई." ते बोलताना पहिल्यांदाच त्यांचा हात कानावरून खाली आला.

इंटरनेटच्या लाइनीसुद्धा त्यांनी दोन घेतल्या होत्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या. एक तुटली तर दुसरी. मालक कुरकुरला, पण साहेब त्याच्या दारात उभे राहिले ते मंजूर होईपर्यंत हललेच नाहीत. भित्रा माणूस असा हट्टाला पेटला की धीट माणसाला ऐकत नाही.

येळवशीच्या सकाळी खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी हिशेब साठवायची पेटी तेवढी चालू ठेवली, तिथून तो तिकडं जाणार होता; मग जुन्या मशिनीला नमस्कार केला आणि ते बंद केलं. मला तो आवाज, म्हणजे त्याची घुंघुं, इतक्या वर्षांची सवय. ती बंद झाल्यावर कानात असं काही पोकळ झालं की मी बाहेर जाऊन बघून आलो, सगळं जागेवर आहे ना. मशीन बसवल्यापासून कधी बंद केलेलंच नव्हतं. सगळं निवांत चाललं होतं. पडद्यावर एक निळी पट्टी सरकत होती, साहेब तिच्याकडं बघत होते, मी साहेबांकडं.

पट्टी निम्म्यावर आली आणि थांबली.

दोन्ही लाइनी एकदमच गेल्या. एक गेली असती तर दुसरी होती. दोन्ही! साहेबांच्या तोंडाला रंग राहिला नाही. निम्मा हिशेब तिकडं, निम्मा इकडं, इकडचं मशीन बंद. मोबाइलवरून पुण्याला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, थांबा, लाइन येऊ द्या. लाइनच्या कंपनीला फोन केला. तिथून उत्तर आलं, तक्रार नोंदवली, परभणीहून माणसं निघतील. कधी? आज येळवस आहे ना साहेब, बघतो. आमच्या भागात तारेचे जोड मारणारा एकच, बालाजी. त्याचा फोन बंद. तोही आपल्या रानात.

मालकाचा फोन आला. बोलणं मला ऐकू येत होतं इतका तो मोठ्यानं बोलत होता. "गिराम, जुन्या मशीनला हात लावायचा नाही. ते उठलं नाही तर आपण कुठलेच राहणार नाही. लाइनची वाट बघ."

साहेबांनी फोन ठेवला. बाहेर ऊन चढलेलं. दिवस मावळला की गाड्या येणार. पावती निघाली नाही तर गाडी खाली होत नाही, गाडी खाली झाली नाही तर टोळी तिथंच, थंडीत, लेकराबाळांसकट उसावर बसून. आणि चरकाच्या गव्हाणीत ऊस पडला नाही तर कारखाना उभा. हे सगळं त्यांनी मला सांगितलं नाही. मला ठाऊकच होतं. माझ्या आयुष्यात कारखाना हंगामात एकदाच उभा राहिलेला पाहिला, ती शांतता मला परत ऐकायची नव्हती.

"मामा, बसा मागं," ते म्हणाले. "तार जिकडं जाते तिकडं जाऊ."

मोटारसायकलवर आम्ही निघालो. ते पुढं बघत होते, मी वर. तारा खांबावरून, मग बाभळीवरून, मग एका कडुलिंबाच्या झाडापर्यंत. आणि तिथं दोन्ही तारा संपल्या. दोन कंपन्या, दोन बिलं, आणि लावणाऱ्यांनी दोन्ही तारा एकाच लिंबाच्या एकाच फांदीला बांधलेल्या. साहेब झाडाखाली उभे राहून वर बघत राहिले. म्हणाले, "मी इचारलंच न्हाई. दोन हायेत का हे इचारलं. कुठून जातात हे इचारलंच न्हाई."

लिंबापासून हाकेच्या अंतरावर सोपानआबा कदमाचं रान. माझ्या ओळखीचा म्हातारा, आमच्याच कारखान्याला ऊस घालणारा. तिथं माणसांचा गलका. नवी कोपी, हिरवं लुगडं गुंडाळलेली. आणि कडब्याच्या पेंढ्या जिथं जिथं आवळल्या होत्या तिथं तिथं काळी वायर. गाठी मात्र सुरेख.

"या या मामा! साहेबालाबी आणलं! बसा, आधी आंबील घ्या."

 साहेबांनी कोपीकडं बोट केलं. मी विचारलं, "आबा, ती वायर कुठली?"

"ती व्हय? लिंबाला दोन काळ्या वायरी लोंबत होत्या. जुन्या टीव्हीच्या केबलच्या असतेल. सुतळी घरीच राहिली ना. जावईबापू चढले अन् काढून आणली." मग आवाज खाली घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "एकेका घावात! कोयत्याच्या!"

जावई नवा होता, पहिलीच येळवस. तो लाजून खाली बघायला लागला.

साहेब कसेबसे म्हणाले, "आबा, ती... ती कारखान्याची लाइन हाय. सोडावी लागंल."

आबांचा चेहरा उतरला.  आबांनी कोपीकडं बघितलं, जावयाकडं बघितलं, मग साहेबांकडं. "साहेब, चुकलं आमचं. दंड करा. पण आत लक्ष्मी बसलीय. दिवस मावळेपर्यंत कोपीला हात लावता येत न्हाई. तुमी मालकाला आणा न्हाईतर कलेक्टरला."

त्यांची म्हातारी मागून म्हणाली, "अन् जावयानं बांधलेली गाठ सासऱ्यानं सोडायची व्हय? लोकं काय म्हणतेल?"

मी चिडलो. "आबा, कारखाना बंद पडायची येळ आली अन् तुमी जावयाचं कौतुक सांगायलाव?"

"मामा, तुमी गप बसा. तुमच्या पोरीची पहिली येळवस होती तवा तुमी जावयाला खांद्यावर घेऊन नाचला होता, मी पाह्यलंय."

हे खरं होतं. 

आणि खरं म्हणजे वायर सोडून उपयोगही नव्हता. तिला गाठ मारून चालत नाही. तिच्या आत काचेचा केसासारखा धागा असतो, तो मशिनीनंच जोडायचा आणि ते मशीन बालाजीकडं. साहेबांना हे माहीत होतं, तरी ते त्या वायरीकडं असे बघत होते जसं काही बघून बघून ती जोडली जाईल. म्हातारीनं त्यांच्या हातात उंडा दिला, वर भज्जी घातली. बाहेरचं काही न खाणारा माणूस, तो उभ्या उभ्या उंडा खात होता आणि त्याला कळतही नव्हतं.

मग ते माझ्या शेजारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले.  हळू आवाजात म्हणाले, "मामा, मीच असा दिवस शोधला. कोणी नसलेला. आता कोणीच न्हाई."

मी आंबिलाचा गडू त्यांच्यापुढं सरकवला.

"लाइनची वाट बघितली तर गाड्या उभ्या ऱ्हातेल. जुनं मशीन उठवायला गेलो अन् ते उठलं न्हाई, तर ते माझ्या हातानं मेलं म्हणतेल. मालकानं हात लावू नको म्हटलंय. नोकरी जाईल." मग म्हणाले, "वाट बघितली तर नोकरी जात न्हाई, मामा. हुकूमच तसा हाय."

म्हणजे त्यांना सुटायला वाट होती. मला ती स्वच्छ दिसत होती, त्यांनाही. रानात पोरं हुंदडत होती, कोणीतरी पिकावर आंबील शिंपडत होतं. साहेबांनी डोळे मिटले. मला वाटलं रडतात की काय. मग एकदम उठले, आबांकडं गेले आणि हात जोडून म्हणाले, "आबा, वायर सोडू नका."

"मी मघापासून काय सांगायलोय?"

"न्हाई, आता मी सांगायलोय. परभणीहून कोणी जोडायला आलं तर झाडाला हात लावू देऊ नका. माझा फोन येईपर्यंत. आम्ही जुनं सुरू करायलोय. तसल्यात मधेच लाइन आली तर दोन्हीकडं लिहिलं जाईल, सगळा घोळ होईल."

आबांना त्यातलं किती कळलं देव जाणे. पण त्यांनी जावयाला कोयता देऊन लिंबाखाली बसवलं.

परत खोलीत. ती पोकळ शांतता तशीच. साहेबांनी मशिनीच्या बटनावर बोट ठेवलं. दाबलं नाही. काढलं, स्वेटरला पुसलं, परत ठेवलं. तेव्हा माझे पाय कापायला लागले. मी भिंतीला टेकलो. इतकी वर्षं मी म्हणत होतो, पडत नाही, पडत नाही. आणि आता ते पडलेलं माझ्यासमोर होतं, आणि उठेल की नाही हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी दाबलं. पंखे एकदम किंचाळले आणि बंद पडले. काही नाही. साहेबांनी श्वास घेतला तो सोडलाच नाही. परत दाबलं. परत पंखे, परत किंचाळणं, मग एक टकटक, आत कोणी नखानं वाजवतंय अशी. हिरवे दिवे एकामागून एक लागले. एक मात्र पिवळा राहिला, आणि त्याच्या मागून ती टकटक येतच राहिली. पण घुंघुं सुरू झाली. पडद्यावर अक्षरं आली. साहेब खाली फरशीवर बसले आणि कोपऱ्यातल्या बादलीत ओकले. उंडा, भज्जी, सगळं.

दिवस मावळला तेव्हा पहिली टायरगाडी काट्यावर चढली आणि पावती निघाली. गाडीवानाला काही माहीत नव्हतं. त्यानं पावती दातात धरली आणि बैल हाकले.

मालकाचा फोन आला. साहेब उभं राहून ऐकत होते. होय साहेब, होय साहेब, मीच केलं, होय. मग मालकानं विचारलं, वायर कोणी कापली, नाव सांग, केस करतो. साहेबांनी माझ्याकडं बघितलं.  म्हणाले, "फांदी मोडली साहेब. लिंबाची." आयुष्यभर प्रत्येक गोष्टीला दुसरी तयार ठेवणारा माणूस, त्या दिवशी एकच उत्तर दिलं आणि ते खोटं होतं.

रात्री बालाजी आला तो कपाळाला कुंकू लावूनच. त्यानं नवी तार ओढली, जोड मारले. साहेबांनी त्याला सांगून एक लाइन लिंबावरून काढून पलीकडच्या खांबांवरून घ्यायला लावली. मी घरी गेलो. वाटलं, उद्या हा माणूस राजीनामा देणार. दिला असता तर मी त्याला नाव ठेवलं नसतं. आज ती खोली जवळपास रिकामी आहे आणि साहेब बाकीच्या कारखान्यांवर हेच काम करत फिरले, इकडं परत आले नाहीत. मला मात्र ते आठवतात ते दुसऱ्या दिवशीच्या सकाळचेच.

त्या सकाळी यार्ड गच्च भरलेलं. अमावस्येची सुट्टी भरून काढायला सगळ्या टोळ्या एकदम आलेल्या. ट्रॅक्टर, टायरगाड्या, बैलांच्या घंटा, शिव्या, धूर. साहेब त्या गर्दीत शिरले. केस विंचरलेले नव्हते. काट्याच्या कट्ट्यावर चढले आणि चिरक्या आवाजात म्हणाले, "ऐका! घंटाभर पावत्या हातानं लिहून मिळतील. कोणी भांडू नका. नाव नीट सांगा, दोनदा सांगा." कोणीतरी ओरडलं, "अन् हातबी बंद पडला तर, साहेब?" सगळे हसले. साहेबही हसले, पण ओठ कोरडे होते.

बालाजीला त्यांनी तार जोडायच्या मशिनीसकट लिंबाखाली बसवलं होतं. जोडीला सोपानआबा. काट्यावर चार कारकून, गेटवर दोन. मला म्हणाले, "मामा, दोन्ही जनरेटर." मी पोतं काढलं.

पुण्याला फोन लावला. मॅडमचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. "आज? गिराम, भर हंगामात? यार्ड फुल आहे ना?"

"म्हणूनच, मॅडम. आज सगळे हायेत," साहेब म्हणाले. "जुन्याचा एक दिवा पिवळा हाय. ते आता जास्त दिवस काढत न्हाई. कालचं निम्मं तिकडं पोचलंच हाय. उरलेलं घंटाभराचं काम हाय, आता घ्या."

फोन खांद्यात धरून ते खोलीत गेले. मी दारात उभा. टकटक चालूच होती. त्यांचा उजवा हात इतका कापत होता की बोट बटनावर ठरेना. मग त्यांनी डाव्या हातानं उजव्याचं मनगट घट्ट धरलं, आणि जुनं मशीन बंद केलं.